नऊ झाडांची जागा (जुनापाणी आणि मैत्रिणीची बाग)

निंबोणी_१३ | १९ जाने., रात्री ९:४०

माझं माहेर नागपूरचं. शाळा, कॉलेज, पहिली नोकरी, सगळं तिथंच. काटोल रोडनं किती वेळा गेले असेन त्याचा हिशोब नाही, पण जुनापाणीला एकदाही उतरले नव्हते. शाळेच्या सहली रामटेकला जायच्या, खिंडसीला जायच्या. इतिहासाच्या वहीत स्टोनहेंजचं चित्र काढून रंगवलंय (करडा खडू त्यातच संपला होता, म्हणून लक्षात आहे). घरापासून दहा-बारा किलोमीटरवर, याच जुनापाणीत, तीनेकशे शिळावर्तुळं आहेत, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

या वेळी आईकडे आठ दिवस होते. शनिवारी सकाळी सातला निघालो: मी, धाकटा भाऊ आणि त्याची नववीतली मुलगी. भाऊ गाडी चालवायला आणि भाची तिचं डोकं मोबाइलमधून वर यावं म्हणून.

आधी तर्री पोहे, मग तेलंगखेडीची बाग. भोसल्यांच्या वेळची बाग, शेजारी फुटाळा तलाव. लहानपणी ती अख्ख्या जगाएवढी वाटायची. आता वीस मिनिटांत फिरून झाली. झाडं मात्र जुनी आहेत आणि सकाळच्या उन्हात चालायला येणारी काका मंडळीही त्याच वयाची. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

जुनापाणीला जाताना चुकलो. नकाशानं आम्हाला एका ले-आउटमध्ये नेऊन सोडलं. चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खुंट, 'प्लॉट विकणे आहे'चे फलक, मध्ये एक म्हैस. तिथल्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "गोटे पाहाले चालले का? मंग सरळ सांगा ना." आणि मागे वळवलं.

पोचल्यावर पहिली पाच मिनिटं आम्ही तिघंही वर्तुळं शोधत होतो आणि वर्तुळातच उभे होतो. स्टोनहेंज डोक्यात ठेवून गेलं की हे असं होतं. इथं उभे खांब नाहीत, वर आडव्या शिळा नाहीत. काळ्या बसाल्टचे गोटे, कुठे गुडघ्याएवढे, कुठे कमरेपर्यंत, अंगाला अंग लावून गोलात बसवलेले. वाळकं गवत, बोरीबाभळी. एक वर्तुळ ओळखू आलं की शेजारचं दिसतं, मग त्याच्या पलीकडचं, आणि मग अचानक सगळा माळच गोलांनी भरलेला आहे हे लक्षात येतं. भाची म्हणाली, "आत्या, हे लोक गोल करून बसलेत असं वाटतंय ना?" (मोबाइल खिशात. मोहीम फत्ते.)

काही दगडांवर छोटे खळगे कोरलेले आहेत, ओळीनं. एकात अंगठ्याचं टोक बसवून पाहिलं. आतून गुळगुळीत लागतो. जात्याचे टाके कसे खरखरीत असतात, तसं नाही. कोणीतरी बराच वेळ बसून घासून घासून केलेलं काम आहे. एका ओळीतले पाच मी मोजले, सहावा शेवाळात होता की नव्हता यावरून भावाशी वाद झाला.

पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकाची पाटी आहे. पाटीच्या पायथ्याशी थर्माकोलच्या ताटल्या. असो.

आता खरी गोष्ट. तिथून मैत्रिणीला फोन केला. ही माझी कॉलेजातली, काटोलकडून येऊन हॉस्टेलवर राहायची. आता तिकडेच सासर, संत्र्याची बाग. जेवायला येतोय, उशीर होईल, दगड बघतोय, असं सांगितलं. तर म्हणाली, "काय व माय, पुण्याऊन दगडं पाहाले आली? आमच्या वावरात आहेत ना, फुकट!"

मला वाटलं थट्टा. नव्हती.

बागेत शिरलो तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले ते झाडं बघून. अर्धी बाग हिरवीगार, फळानं लदलेली, आणि अर्धी मरायला टेकल्यासारखी. पानं मलूल, पिवळट, बुंध्याभोवती गळलेल्या पानांचा सडा, जमिनीला भेगा. मी हळूच विचारलं, रोग पडला का गं? भाऊजी (तिचे यजमान) हसायलाच लागले. ती झाडं आंबिया बहारासाठी ताणावर होती. महिना-दीड महिना पाणी तोडायचं, झाड चांगलं तहानलं की मग हलकं पाणी देऊन ताण तोडायचा, की फेब्रुवारीत फुलांनी भरून येतं. हिरवी होती ती मृग बहाराची (पावसाळ्याच्या तोंडाशी फुललेली), तिची तोड आता पुढच्या महिन्यात. "पाणी असूनही न देणं, हेच आमचं मोठं काम," भाऊजी म्हणाले. नागपूरची असून हे मला माहीत नव्हतं. संत्रा आम्ही फक्त सोलला.

ओळी सरळ, अठरा फुटांवर एक झाड. चालता चालता अचानक ओळ तुटते. समोर मोकळी जागा, आणि तिच्यात गोल. मी पावलं मोजली: आरपार सोळा, म्हणजे बारा मीटरच्या आसपास. बावीस गोटे, दोन-तीन आत कलंडलेले. मध्ये गवत, कडेला एक काटेरी झुडूप, बाकी रिकामं. अठरा फुटांच्या हिशोबानं तिथं तीन ओळींत तीन-तीन, नऊ झाडं बसली असती.

बाग सासऱ्यांनी लावली. ते आता नाहीत. तीसेक वर्षांत बाग एकदा म्हातारी होऊन पुन्हा नवी लावली, तरी ती जागा त्यांनी मोकळीच ठेवली. म्हणायचे, देवाची जागा आहे. भाऊजी हिशोबी माणूस. म्हणाले, "झाडाला सातशे फळं धरा, गुणिले नऊ, गुणिले इतकी वर्षं. बाबांनी या गोट्यांपायी एक ट्रॅक्टर घालवला माझा." पण त्यांनीही तो गोल तसाच ठेवलाय.

मला राहून राहून तेच वाटतंय. ज्याला जुनं काय, किती जुनं, हे कोणी सांगितलेलं नाही, त्या माणसानं नऊ झाडांवर पाणी सोडलं.

जेवण: सांबारवडी, कढी, वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी, आणि एक लिंबासारखं कडसर-आंबट लोणचं, जे मी दोनदा मागून घेतलं. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत, ओसरीवर उन्हात बसून आमच्याकडे बघत होत्या. दगड बघायला माणसं गाडी करून येतात, याचं त्यांना फार हसू येत होतं.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. का ते प्रतिसादांत येईलच.

---

झिरोमाईलकर | १९ जाने., रात्री १०:०५

वा! काटोल रोडनं मी आठवड्यातून दोनदा जातो. आता मान खाली घालून जावं लागणार.

अवांतर: तर्री पोहे कुठं खाल्ले ते लिहिलंच नाही. असा धागा नागपुरात अपूर्ण धरतात.

---

माणिकमोती | १९ जाने., रात्री १०:२२

सुंदर लिहिलंय. 'गोल करून बसलेत' फार आवडलं. सांबारवडीची पाककृती येऊ द्या. सांबारात वडी घालतात का? आम्ही कोकणातले, अज्ञान पदरात घ्या.

---

झिरोमाईलकर | १९ जाने., रात्री १०:३०

ताई, आमच्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबर येतं ते वेगळं. बाजारात 'एक जुडी सांबार द्या' म्हटलं की पुण्याचे पाहुणे भाजीवाल्याकडे डबा पुढं करतात.

---

खापरखुणा | २० जाने., सकाळी ८:१५

पुरातत्त्वात एम.ए. केलंय, विदर्भातच, त्यामुळे राहवत नाही. थोडं मोठं होईल.

ही वर्तुळं म्हणजे लोहयुगातल्या लोकांची दफनं आहेत. काळ ढोबळमानानं इ.स.पू. १००० ते ३०० यातला. जुनापाणीत पहिलं खोदकाम एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं केलं. गंमत म्हणजे त्याचं मूळ काम पुराणवस्तूंचं नव्हतंच. तो मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा कॉटन कमिशनर होता. कापूस बघत हिंडताना त्याला गोटे दिसले. त्याला लोखंडी खंजीर, चपट्या कुऱ्हाडी, कुदळी, कडी, घोड्याच्या तोंडातले लगाम असं बरंच मिळालं. नंतर १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं बी. के. थापर यांच्या हाताखाली इथली तीन वर्तुळं रीतसर उघडली.

त्या कुऱ्हाडीबद्दल एक सांगतो. दांडा बसवायला आपण आज कुऱ्हाडीला भोक पाडतो. त्यांनी पातं सपाट ठेवलं आणि लोखंडाच्या आडव्या कड्यांनी ते दांड्याला आवळलं. विदर्भाच्या या वर्तुळांची ती खूणच म्हणा.

नागपूर विद्यापीठ आणि नंतर डेक्कन कॉलेजातले डॉ. शां. भा. देव यांनी या भागात सगळ्यात जास्त काम केलं. टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड. माहूरझरीला वर्तुळात माणसाबरोबर घोडा पुरलेला मिळाला, घोड्याच्या तोंडावर तांब्याचे दागिने. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली, विटांची, हवा फुंकायच्या नळीसकट. म्हणजे ही हत्यारं कुठून आणलेली नव्हती, इथंच होत होती.

आता तुमच्या बागेतल्या गोलाबद्दल. कडेचे गोटे ही फक्त चौकट. आत गोटे, मुरूम आणि काळी चिकट माती यांचा भराव असतो, अस्थी आणि वस्तू त्याच्या खाली. त्यामुळे कोणीही हौसेनं आत खणू नका, मधला एखादा गोटासुद्धा हलवू नका. कुठली वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी होती, हे गेलं की उरतं ते भंगार.

---

रेघोट्या | २० जाने., सकाळी ९:०२

@खापरखुणा, उत्तम माहिती. ते खळगे म्हणजे नक्षत्रं आहेत असं एका व्हिडिओत पाहिलं. खरं का?

---

खापरखुणा | २० जाने., सकाळी ९:४०

खळगे असलेले दगड वर्तुळात ठरावीक दिशांना येतात आणि त्याचा सूर्याच्या उगवतीशी संबंध असावा, अशी मांडणी अभ्यासकांनी केली आहे. ती गंभीरपणे वाचण्यासारखी आहे. पण तिथून उडी मारून 'ही वेधशाळा होती' म्हणणारे व्हिडिओ वेगळे. शेकडो वर्तुळांतल्या मोजक्याच दगडांवर खळगे आहेत, आणि कलंडलेला दगड मुळात कुठल्या दिशेला होता हे आधी ठरवावं लागतं. मी स्वतः कुंपणावर बसलोय.

---

डोळाबांधणी | २० जाने., दुपारी १:३०

मी वरूडकडचा. आमचीही संत्राच. लिहू की नको असं सकाळपासून चाललंय.

आमच्याही वावरात असं एक गोल होतं. मी सहा-सात वर्षांचा असेन. आजोबांनी विहीर बांधायला काढली आणि दगड पाहिजे होता. आयता, घडवलेला नाही पण एकसारखा, आणि आपल्याच शेतात. दोन बैलजोड्या लावून चार दिवसांत सगळे गोटे ओढले. थोडे विहिरीच्या कठड्याला, बाकी धुऱ्यावर. मला चांगलं आठवतं, कारण शेवटच्या गोट्याखालून विंचू निघाला आणि आजोबांनी तो चपलेनं मारला.

आता तिथं बाग आहे. विहिरीला अजून पाणी आहे. कठड्यावर बसून मी हे टंकतोय. आज इतक्या वर्षांनी उठून खाली बघितलं. खळगेबिळगे दिसले नाहीत.

---

रेघोट्या | २० जाने., दुपारी १:५५

वाईट वाटलं वाचून. तीन हजार वर्षं टिकलं आणि एका विहिरीसाठी चार दिवसांत गेलं. निदान आता तरी लोकांनी

---

रेघोट्या | २० जाने., दुपारी १:५७

(अर्धवट गेलं.) निदान आता तरी लोकांनी असं काही दिसलं तर लगेच शासनाला कळवावं. निंबोणीताई, तुम्ही गावाचं नाव लपवताय हे मला पटलेलं नाही. खासगी बागेत ठेवून ते किती दिवस सुरक्षित राहणार? उद्या जमीन विकली तर?

---

डोळाबांधणी | २० जाने., दुपारी २:२०

साहेब, 'एका विहिरीसाठी' असं म्हणू नका. त्या विहिरीवर आम्ही चार भावंडं शिकलो.

चूक झाली हे मान्यच आहे, म्हणून तर लिहिलं. पण आजोबांना ते काय होतं हे सांगायला कोण आलं होतं? जुनी माणसं म्हणायची गवळी राजांच्या वेळचे गोटे आहेत. गवळी राजा काही मागायला येणार नव्हता.

---

निंबोणी_१३ | २० जाने., दुपारी ४:१०

@डोळाबांधणी, लिहिलंत ते बरं केलंत. मी काही वेगळी नाही. ज्या माळावर आम्ही लहानपणी बोरं वेचायला जायचो, तिथंही असे गोटे होते असं आता आठवतंय. त्यांचा आम्ही चूल मांडायला उपयोग केला असणार.

@रेघोट्या, नाव न देण्याचं कारण: भाऊजींनी तशी अट घातली. त्यांना वाटतं, एकदा कागदावर आलं की शंभर मीटरमध्ये विहीर खोदता येणार नाही, गोठा वाढवता येणार नाही. मी कितीही समजावलं तरी त्यांचं एकच, "वैनी, दगड मी सांभाळतो, कागद तुम्ही सांभाळा." (वैनी का, ते विचारू नका. कॉलेजपासून भांडण आहे.)

---

खापरखुणा | २० जाने., सायं. ६:०५

भाऊजींची भीती हवेतली नाही, पण थोडी अस्थानी आहे. शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी घेऊनच बांधकाम, हा नियम २०१० च्या दुरुस्तीनं १९५८ च्या कायद्यात आला. तो लागू होतो राष्ट्रीय संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्मारकांना. जुनापाणीला आहे. शेतातलं प्रत्येक वर्तुळ आपोआप संरक्षित होत नाही, आणि नोंद होणं म्हणजे जाहीर होणं नव्हे.

दुसरी बाजूही सांगतो. जमिनीत पुरलेलं काही मौल्यवान सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असली, की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कायदा १८७८ चा आहे, अजून चालू आहे.

तोवर एक करा. मोबाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश टिपून ठेवा, चारी बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक गोट्याला कागदावर नंबर द्या. उद्या बाग राहो न राहो, ते तरी राहील.

---

झिरोमाईलकर | २० जाने., सायं. ६:२०

दहा रुपये? आजच्या भावात अर्धा संत्रासुद्धा जिल्हाधिकाऱ्यांना दाखवावा लागेल.

---

धुकं_आणि_चहा | २१ जाने., रात्री २:४५

इंग्लंडात विल्टशायरजवळ राहते. मूळची अकोल्याची. वेळ बघून हसू नका, इथं रात्रीचे सव्वानऊच झालेत.

इथून जवळ एव्हबरी म्हणून गाव आहे. स्टोनहेंजला दोर लावून लांबून दाखवतात, पण इथं दगडांना पाठ टेकून बसता येतं. बाहेरच्या वर्तुळाचा व्यास तीनशे तीस मीटरच्या आसपास, इतकं मोठं की अर्धं गाव, चक्क एक पबसुद्धा त्याच्या आत आहे. मधून रस्ता जातो, मेंढ्या चरतात. शेजारीच एका जुन्या वाड्याची सुरेख बाग आहे. आईबाबा आले होते तेव्हा आई दगडांपेक्षा तिथंच रमली.

@डोळाबांधणी दादा, तुमच्यासाठी मुद्दाम लिहितेय. इथल्या लोकांनी हेच केलंय. मध्ययुगात बरेच दगड खड्डा करून पुरले. सतराव्या-अठराव्या शतकात तर दगडाखाली जाळ करायचा, तापला की वर गार पाणी ओतायचं, मग घणानं फोडायचा, आणि घरं बांधायची. ती घरं अजून उभी आहेत आणि लोक त्यांचेही फोटो काढतात.

आणि आता या धाग्याला शोभेलशी गंमत. १९३० च्या दशकात एव्हबरी विकत घेऊन, पुरलेले दगड शोधून पुन्हा उभे करणारा माणूस होता अलेक्झांडर कीलर. त्याच्या घराण्याचा पैसा कशाचा? डंडीच्या मार्मालेडचा. म्हणजे संत्र्याच्या मुरंब्याचा! जे दगड मिळालेच नाहीत त्यांच्या जागी त्यानं सिमेंटचे ठोकळे रोवले. १९३८ मध्ये एका पडलेल्या दगडाखाली माणसाचा सांगाडा निघाला, जवळ कात्री आणि चौदाव्या शतकातली नाणी. तेव्हापासून त्या दगडाला न्हाव्याचा दगड म्हणतात.

---

डोळाबांधणी | २१ जाने., सकाळी ७:१०

ताई, सकाळी सकाळी बरं वाटलं. संत्र्याच्या पैशात अख्खं वर्तुळ उभं करणारा माणूस आमच्या बाजारसमितीत दाखवायला पाहिजे. यंदा व्यापाऱ्यानं मागितलेला भाव ऐकला असता तर त्यानंही दगड फोडूनच विकले असते.

---

खापरखुणा | २१ जाने., सकाळी ९:३०

@धुकं_आणि_चहा, याला जोड देतो. आपल्याकडच्या खळग्यांवर पहिलं लक्ष वेधलं ते त्याच कॉटन कमिशनरनं. ब्रिटनमधल्या दगडांवरही असेच खळगे आहेत, हे त्याला माहीत होतं आणि ते साम्य बघून तो चकित झाला. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्यावरून लोकांच्या स्थलांतराचे बरेच इमले बांधले गेले, ते आता कोणी मानत नाही. दगडावर दगड घासत बसलं की जगात कुठंही खळगाच पडतो.

---

माणिकमोती | २१ जाने., सकाळी ११:००

सगळं वाचलं. पाकृ अजून आलेली नाही, याची नोंद घ्यावी.

---

निंबोणी_१३ | २१ जाने., दुपारी १२:१५

घ्या, मैत्रिणीला विचारून लिहिते. दोन मोठ्या जुड्या सांबार निवडून, धुऊन, कापडावर अगदी कोरडा करायचा. ओला राहिला की वडी फुटते, इथं घाई नाही. बारीक चिरायचा. खसखस, तीळ, सुकं खोबरं किसून भाजायचं, त्यात आलं-लसूण-मिरचीचं वाटण, थोडी चारोळी, मीठ, किंचित साखर, आणि शेवटी सांबार. मीठ आधी घातलं तर पाणी सुटतं. पारी बेसनाची, त्यात थोडी कणीक आणि कडकडीत मोहन. लांबट पोळी लाटायची, आतून चिंचेचं पाणी आणि गोडा मसाला बोटानं फिरवायचा, सारण ठेवून पुडी बांधायची, कडा पाण्यानं चिकटवायच्या, मंद आचेवर तळायची. वरून कढी. कढी वाटीत वेगळी घेणारे लोक पाहिलेत, त्यांना काही म्हणायचं नाही, ते पाहुणे असतात.

---

रेघोट्या | २१ जाने., दुपारी ३:४०

काल मी जरा चढ्या आवाजात लिहिलं. @डोळाबांधणी, माफ करा. विहिरीबद्दलचं वाक्य मागे घेतो.

कळवण्याबद्दलचं मत मात्र तेच आहे. पण ज्या सासऱ्यांनी नऊ झाडांचं उत्पन्न सोडून ती जागा राखली, त्यांच्यापुढं कायद्याचं काय घेऊन बसायचं? अशी श्रद्धाच आपला वारसा राखत आलीय. त्या माणसाला नमस्कार.

---

माणिकमोती | २१ जाने., दुपारी ३:५२

+१. वाचून डोळे भरून आले.

---

झिरोमाईलकर | २१ जाने., दुपारी ४:००

+१, आणि ट्रॅक्टरलाही श्रद्धांजली.

---

निंबोणी_१३ | २४ जाने., रात्री ८:५०

आज मैत्रिणीचा फोन होता. दोन-तीन गोष्टी, त्यातली एक धाग्याच्या मुळावर येणारी.

एक: परवा ताण तोडला. पहिलं पाणी गेलं. आता फूल कधी दिसतं याकडं सगळ्यांचे डोळे.

दोन: खापरखुणांच्या सांगण्यावरून तिनं आणि भाऊजींनी गोटे मोजून नंबर टाकले. बावीस नाहीत, तेवीस आहेत. निंदणीचा कचरा एका बाजूला साठवत होते, त्याच्याखाली एक झाकला गेला होता. खळगे एकावरही नाहीत. फोटो माझ्याकडे आलेत, कागद मी सांभाळते आहे.

तीन: मी तिला तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. फोन स्पीकरवर होता आणि सासूबाई तिथंच होत्या. सासऱ्यांना नमस्कार, श्रद्धा, डोळे भरून आले, हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "सोडली कुठं व? लावली होती ना नऊच्या नऊ."

तर हकिकत अशी. पहिल्या लागवडीच्या वेळी सासऱ्यांनी गोलाच्या आतबाहेर ओळीप्रमाणे सरळ झाडं लावली होती. बाकी बाग उठली, ही नऊ काही धरेनात. खाली नुसते गोटे, पाणी थांबायचंच नाही. दोन उन्हाळे सासूबाईंनी विहिरीवरून डोक्यावर घागरी आणून त्यांना पाणी घातलं. तरी एकेक करत वाळली. गोटे काढून जागा सपाट करायला पैसे नव्हते, म्हणून ते राहिले. दुसऱ्या लागवडीत तिकडं कोणी बघितलंच नाही. देवाची जागा कुठून आली विचारलं, तर म्हणाल्या, "पोरं इचारत, बाबा, तिथं झाडं काऊन नाही? आता रोज रोज काय सांगावं? म्हनत, देवाची हाय, जाऊ नोका."

मी विचारलं, नऊच्या नऊ मेली?

आठ. नवव्याची संत्र्याची कलम वाळली, पण ती ज्यावर बांधलेली असते तो खालचा जंबेरीचा (जंबेरी म्हणजे लिंबासारखं आंबट फळ) खुंट पुन्हा फुटला. कडेचं ते काटेरी झुडूप तेच. त्याला संत्री येत नाहीत, जंबेऱ्या येतात, आणि दोन उन्हाळे वाहिलेल्या पाण्याची वसुली म्हणून सासूबाई दरवर्षी त्या उतरवून लोणचं घालतात. त्या दिवशी मी दोनदा मागून घेतलं ते.